प्लॅन ९ : बेल लॅब्जच्या बाहेर न रुजलेली ऑपरेटिंग सिस्टीम

‘मराठी’ हा शब्द संगणकात साठवायला १५ बाइट लागतात. म, र, काना, ठ आणि दुसरी वेलांटी अशी पाच चिन्हं, प्रत्येक चिन्हाला तीन बाइट. ही मोजणी ज्या पद्धतीने होते तिचं नाव यूटीएफ-८. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका साध्या खानावळीत रात्रीच्या जेवणाच्या वेळी केन थॉम्प्सन यांनी ती ताटाखालच्या कागदावर मांडली. समोर रॉब पाइक बसले होते. एक्स/ओपन या मानकं ठरवणाऱ्या गटाकडून नुकतीच त्या विषयावर विचारणा आली होती, आणि दोघांना स्वतःलाही ती पद्धत हवीच होती. ते जी ऑपरेटिंग सिस्टीम घडवत होते तिच्यात जगातल्या सगळ्या लिपी बसवायच्या होत्या आणि त्यासाठी तोवर वापरलेली आयएसओची पद्धत त्यांना मुळीच आवडत नव्हती. काही दिवसांत त्यांनी सगळी सिस्टीम नव्या पद्धतीवर नेली. जानेवारी १९९३ मध्ये सॅन डिएगोला यूसेनिक्स या संगणक-सिस्टीमवाल्यांच्या परिषदेत तिच्यावरचा निबंध वाचला गेला.

यूटीएफ-८ आज जगभर आहे. जिच्यासाठी ती जन्मली ती सिस्टीम, म्हणजे प्लॅन ९, बहुतेकांनी डोळ्यांनी पाहिलेलीसुद्धा नाही. युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम आणि सी ही प्रोग्रामिंगची भाषा ज्या दालनात घडल्या त्याच दालनात, त्याच लोकांच्या हातून ती घडली. माझ्या मते ऑपरेटिंग सिस्टीमच्या इतिहासातली ती सर्वांत सुसंगत रचना आहे. तरीही तिला वापरणारे मिळाले नाहीत. असं का झालं याची सहज दिली जाणारी उत्तरं मला अपुरी वाटतात, म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडतो आहे.

मरे हिलमधली अडचण

१९८० च्या दशकाच्या मध्यात न्यू जर्सीतल्या मरे हिल इथे बेल लॅब्जच्या, म्हणजे एटी अँड टी या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेच्या, संगणकशास्त्र संशोधन केंद्रात युनिक्सच्या कर्त्यांनाच युनिक्स बोचू लागलं होतं. १९६९ पासून वाढत आलेलं युनिक्स एका मोठ्या यंत्रासाठी होतं. सगळ्यांची टर्मिनलं (पडदा आणि कीबोर्ड) त्याला जोडलेली, सगळ्यांच्या फाइली एकाच ठिकाणी. मग प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र वर्कस्टेशन आलं आणि हे एकत्र कुटुंब मोडलं. प्रत्येक यंत्राची डिस्क वेगळी, युजरची यादी वेगळी, देखभाल वेगळी. नेटवर्क आणि खिडक्यांचा पडदा युनिक्सला नंतर जोडले गेले आणि ते मूळ रचनेत कधी मुरले नाहीत. युनिक्समध्ये ‘सगळं काही फाइल’ असं म्हणायचं, पण नेटवर्कची जोडणी फाइल नव्हती आणि पडद्यावरची खिडकीही नव्हती.

थॉम्प्सन, पाइक, डेव्ह प्रेसोटो, फिल विंटरबॉटम, हॉवर्ड ट्रिकी आणि त्यांचे सहकारी यांनी डागडुजी करायची नाही असं ठरवलं. डेनिस रिची त्या विभागाचे प्रमुख होते आणि त्यांचा या कामाला पाठिंबा होता. १९८९ च्या सुमाराला हा गट आपलं रोजचं काम याच नव्या सिस्टीमवर करू लागला होता.

तिचा गाभा तीन वाक्यांत सांगता येतो. यंत्रातली प्रत्येक गोष्ट फाइलच्या रूपात दिसते. त्या फाइलींशी बोलायची भाषा सगळीकडे एकच, तिचं नाव नाइन-पी; फाइल शेजारच्या डिस्कवर असो की दुसऱ्या इमारतीतल्या यंत्रात. आणि कुठल्या फाइली कुठं दिसाव्यात, हा नकाशा प्रत्येक प्रोसेसला, म्हणजे चालू असलेल्या प्रोग्रामला, स्वतःपुरता बदलता येतो.

यातून काय काय साधतं ते उदाहरणांनीच कळतं. नेटवर्कवर दुसऱ्या यंत्राशी बोलायचं असेल तर ‘/नेट/टीसीपी’ या डिरेक्टरीतली ‘क्लोन’ नावाची फाइल उघडायची. तुम्हाला जोडणीचा क्रमांक मिळतो. त्या क्रमांकाच्या डिरेक्टरीतल्या नियंत्रणाच्या फाइलीत ‘अमुक पत्त्याला जोड’ असं साध्या अक्षरांत लिहायचं आणि शेजारच्या ‘डेटा’ फाइलीत वाचायला-लिहायला लागायचं. आता पुढची पायरी बघा. माझ्या यंत्राला बाहेरचं नेटवर्क नाही, पण दालनातल्या दुसऱ्या यंत्राला आहे. मी ‘इंपोर्ट’ या एका कमांडने त्या यंत्राची ‘/नेट’ माझ्याकडे जोडून घेतो आणि माझे सगळे प्रोग्राम त्याच्या नेटवर्कवरून बाहेर बोलू लागतात. प्रोग्रामांत एक अक्षर बदलावं लागत नाही. बाकीच्या जगात याच कामासाठी गेटवे, प्रॉक्सी, व्हीपीएन अशी वेगवेगळी यंत्रणा उभारावी लागली.

खिडक्यांचंही तसंच. प्रत्येक खिडकीला स्वतःचा माउस, स्वतःचा कीबोर्ड आणि स्वतःचा पडदा फाइलींच्या रूपात मिळतो. त्यामुळे खिडक्या दाखवणारा प्रोग्राम स्वतःच्याच एका खिडकीत पुन्हा चालवता येतो, कारण आपण खऱ्या पडद्यावर आहोत की खिडकीत, हे त्याला कळायची गरजच नसते. ‘सीपीयू’ कमांडने तुम्ही दूरच्या मोठ्या यंत्रावर काम सुरू करता, तेव्हा तुमच्या टेबलावरच्या फाइली, पडदा, माउस सगळं तुमच्यासोबत तिथं येतं.

मला सर्वांत भावतो तो फाइल सर्व्हर. त्या काळच्या मुख्य सर्व्हरला एकदाच लिहिता येणाऱ्या ऑप्टिकल तबकड्यांचा ३५० गिगाबाइटचा साठा होता. रोज पहाटे पाच वाजता सगळ्या फाइलींचं त्या दिवसाचं चित्र तिथं कायमचं जतन व्हायचं आणि ते साधी डिरेक्टरी म्हणून उघडता यायचं. वर्ष, मग महिना-दिवस, की त्या दिवशीची तुमची फाइल समोर. ‘यस्टरडे’ नावाची कमांडच होती. बॅकअप घेणं आणि परत मिळवणं यासाठी कुणाची विनवणी करायची वेळ यायची नाही.

बाहेर पडण्याचा प्रयत्न

१९९२ मध्ये पहिली आवृत्ती विद्यापीठांना दिली गेली. १९९५ मध्ये दुसरी आली ती सर्वांसाठी, पण मॅन्युअलांचे ग्रंथ आणि सीडी मिळून सुमारे ३५० डॉलरला आणि व्यापारी वापर वगळून. १९९६ मध्ये एटी अँड टीची फाळणी होऊन बेल लॅब्ज ल्युसेंटकडे गेल्या. त्याच सुमाराला गटाची बरीच शक्ती इन्फर्नोकडे वळली. प्लॅन ९ च्याच कल्पनांवर उभी असलेली ही सिस्टीम जावा या प्रोग्रामिंगच्या भाषेला तोंड द्यायला बाजारात आणली होती. जून २००० मध्ये तिसरी आवृत्ती सोर्ससकट, म्हणजे प्रोग्रामांच्या मूळ मजकुरासकट, मोफत झाली, मात्र तिच्या परवान्यातल्या अटींवर मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रणेते रिचर्ड स्टॉलमन यांनी आक्षेप घेतला. २००२ मध्ये चौथी आवृत्ती आली. तोवर थॉम्प्सन बेल लॅब्ज सोडून गेले होते आणि त्याच वर्षी पाइकही गूगलमध्ये गेले.

या यादीतला प्रत्येक टप्पा पाच-सात वर्षं उशिरा आला हे कुणालाही दिसेल. त्यामुळे ‘परवान्याने घात केला’ हे उत्तर पटकन दिलं जातं. त्यात तथ्य आहे, पण त्याआधी युनिक्स कसं पसरलं ते आठवायला हवं. १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे एटी अँड टीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. विकता येत नाही म्हणून १९७० च्या दशकात युनिक्स सोर्ससह नाममात्र शुल्कात विद्यापीठांकडे गेलं, कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात वाढलं आणि एक अख्खी पिढी त्याच्यावर शिकली. १९८४ मध्ये एटी अँड टीचं विभाजन झालं आणि ते बंधन उठलं. प्लॅन ९ चा जन्म अशा कंपनीत झाला जिला आता आपलं सॉफ्टवेअर विकता येत होतं, आणि म्हणून ते वाटून टाकणं तिला सुचत नव्हतं. युनिक्सला कायद्याच्या बंधनाने जे मिळालं ते त्याच्या वारसाला मोकळीक मिळाल्यामुळे नाकारलं गेलं.

तरीही समजा, १९९२ मध्ये प्लॅन ९ फुकट मिळाली असती तर? मला वाटतं, ती तरीही अडखळली असती.

दार कुणासाठी होतं

ओपन सोर्सचे पुरस्कर्ते एरिक रेमंड यांनी २००३ मध्ये दिलेलं स्पष्टीकरण पुष्कळदा सांगितलं जातं. प्लॅन ९ युनिक्सपेक्षा चांगली होती, पण युनिक्स पुरेसं चांगलं होतं, आणि ‘पुरेसं चांगलं’ असलेलं जुनं काम हाच नव्याचा सर्वांत मोठा शत्रू. युनिक्सवर बसलेले लोक का उठले नाहीत याचा उलगडा त्यातून नक्की होतो. पण १९९० च्या दशकात लाखो लोक पहिल्यांदाच या जगात येत होते. त्यांच्याकडे सोडून यावं असं जुनं युनिक्स नव्हतंच. त्यांतले बहुतेक लिनक्स या युनिक्ससारख्या मोफत सिस्टीमकडे गेले. तेही का गेले, हे रेमंड यांच्या उत्तरातून कळत नाही.

हे नवे लोक कोण होते ते आठवून पाहा. घरात किंवा वसतिगृहात इंटेलच्या ३८६ किंवा ४८६ चिपचा एकच पीसी, मोडेम, मर्यादित पैसा. लिनक्सचे कर्ते लिनस टॉरव्हाल्ड्स स्वतः हेलसिंकीत याच स्थितीत होते आणि १९९१ मध्ये त्यांनी लिहिलेलं कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, नेमकं त्याच यंत्रासाठी होतं. पुढच्या वर्षी त्याला जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना मिळाला. ज्याच्या पीसीत जे साउंड कार्ड, त्याने ते चालवणारा ड्रायव्हर लिहिला.

प्लॅन ९ ची रचना संस्थेसाठी होती. तिच्या मूळ कल्पनेत तीन प्रकारची यंत्रं आहेत. फाइली सांभाळणारा सर्व्हर, गणित करणारा सर्व्हर आणि प्रत्येकाच्या टेबलावरचं टर्मिनल. मधे वेगवान नेटवर्क आणि हे सगळं उभं करणारे जाणते लोक. ‘इंपोर्ट’ कमांडची जादू अनुभवायला दुसरं यंत्र लागतं, आणि तेही प्लॅन ९ बोलणारं. पहाटेच्या जतनासाठी तो साठा लागतो. एका सुट्या पीसीवर ती चालायची, नाही असं नाही. पण तिथं तिचे बहुतेक गुण झाकलेलेच राहायचे आणि उणिवा मात्र पहिल्या तासात समोर यायच्या. शेजारीपाजारी कुणाकडेच नसलेल्या गोष्टीचा फायदा ती शेजाऱ्यांकडेही असली तरच मिळतो, असा हा पेच होता. तिच्या अपयशाचं मूळ मला इथं दिसतं. दर्जा, परवाना, प्रसिद्धी हे सगळं त्यानंतर येतं.

उणिवा कसल्या, तेही सांगायला हवं, कारण त्यातल्या बऱ्याच तिच्या सौंदर्यातूनच आलेल्या आहेत. सिंबॉलिक लिंक, म्हणजे दुसऱ्या फाइलीकडे बोट दाखवणाऱ्या फाइली, नाहीत, कारण प्रत्येक प्रोसेसला स्वतःचा नकाशा असताना त्यांची गरज उरत नाही. पण बाहेरच्या असंख्य प्रोग्रामांना त्या लागतात. तिच्या खिडक्या जुन्या टर्मिनलचं सोंग घेत नाहीत. कर्सर पडद्यावर कुठंही उडवणं हा जुन्या यंत्रांचा वारसा तिने मुद्दाम टाकला, आणि त्यामुळे ज्याची बोटं युनिक्सच्या ‘व्हीआय’ या एडिटरवर बसली आहेत त्याचा एडिटरच तिथं चालत नाही. युनिक्सवर खिडक्या दाखवणारं एक्स विंडो नव्हतं, म्हणून नेटस्केप हा ब्राउझरही नव्हता. १९९५ मध्ये नेटस्केप नसणं म्हणजे काय, हे त्या काळात कॉलेजात असलेल्यांना सांगायला नको. बाहेरचे प्रोग्राम चालवण्यासाठी ‘एप’ नावाचा पॉसिक्सचा, म्हणजे युनिक्सच्या मानकाचा, थर दिला होता, पण तो पाहुण्यांच्या खोलीसारखा बाजूला होता. त्यातून आणलेल्या प्रोग्रामाला फाइली, नकाशे, नाइन-पी यांतलं काहीच उमगायचं नाही.

२००० मध्ये पाइक यांनी सिस्टीम संशोधनाच्या घसरणीवर एक भाषण दिलं. त्यात त्यांनी अंदाज सांगितला की प्लॅन ९ वरचं ९० ते ९५ टक्के काम बाहेरून लादलेली मानकं पाळण्यात, थेट किंवा आडून, गेलं. टीसीपी-आयपी, एचटीएमएल, मेलच्या पद्धती, एनएफएस आणि असं बरंच काही. हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ त्यावर अडकलो होतो. एवढे कसलेले मोजके लोक, आणि त्यांच्या श्रमाचा इतका थोडा वाटा त्यांच्या स्वतःच्या कल्पनेला मिळाला. आणि इतकं करूनही ब्राउझर पुरा पडलाच नाही. पुढे वेब इतकं फुगलं की आधुनिक ब्राउझर लिहिणं हेच ऑपरेटिंग सिस्टीम लिहिण्याएवढं काम झालं.

आणखी एक गोष्ट थोडी नाजूक आहे. त्या गटाला बाहेरच्या युजरची खरोखर गरज नव्हती. ते स्वतः तिच्यात राहत होते, तिच्यात निबंध लिहीत होते, आणि समोर बसलेला सहकारी अडला तर दुपारपर्यंत दुरुस्ती व्हायची. सिस्टीम इतकी नेटकी राहिली ती यामुळेच, असं मी मानतो. दहा हजार लोकांच्या मागण्या पुरवणाऱ्या सिस्टीमला ‘ही सोय आम्ही देणार नाही’ असं म्हणणं जमत नाही. त्यांना जमलं. पण नवख्याला पहिल्या दिवशी हात देणारं कुणी त्या दालनाबाहेर नव्हतं.

मी स्वतः ती आभासी यंत्रावर, म्हणजे माझ्या संगणकातच सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर, बसवून जवळजवळ महिनाभर वापरली. ॲक्मी हा तिचा एडिटर तीन बटणांच्या माउसवर चालतो. डावं बटण दाबून मजकूर निवडायचा आणि ते धरूनच मधलं दाबलं की कापला जातो, उजवं दाबलं की चिकटतो. लॅपटॉपच्या टचपॅडवर हे अशक्य, म्हणून तीन बटणांचा माउस शोधून आणला. आठवड्याभरात हात बसला आणि मग दुसरं काही नकोसं झालं. अडलो ते बँकेच्या व्यवहारापाशी, व्हिडिओ कॉलपाशी, कुणीतरी पाठवलेल्या एका वर्ड फाइलीपाशी. एकेक काम बाहेरच्या सिस्टीमकडे गेलं आणि एक दिवस लक्षात आलं की चार दिवस ते आभासी यंत्र उघडलेलंच नाही.

तुकडे मात्र गेले

कल्पनांचं काय झालं हे पाहिलं की चित्र वेगळं दिसतं. २००२ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये प्रत्येक प्रोसेसला वेगळा फाइल-नकाशा देण्याची सोय आली, ती प्लॅन ९ वरूनच घेतलेली. त्या आणि तशाच इतर सोयींवर पुढे कंटेनर, म्हणजे प्रोग्रामाला बाकीच्यांपासून वेगळं ठेवणारे कप्पे, उभे राहिले आणि २०१३ पासून डॉकरने ते घरोघरी नेले. नाइन-पी २००५ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये आलं. २०१९ पासून विंडोजच्या फाइल एक्सप्लोररमधून विंडोजच्या आत चालवलेल्या लिनक्सच्या फाइली दिसतात, त्याही नाइन-पीनेच. २००९ मध्ये गूगलने खुल्या केलेल्या गो या प्रोग्रामिंगच्या भाषेचे पहिले कंपायलर (लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत नेणारे प्रोग्राम) प्लॅन ९ च्या कंपायलरांतून घडले. ती भाषा घडवणाऱ्या तिघांत थॉम्प्सन आणि पाइक होते.

प्रत्येक तुकडा गेला तो तिथल्या लोकांना आपलं घर न सोडता वापरता आला म्हणून. यूटीएफ-८ तर खास याच हिशेबाने घडली होती. जुन्या इंग्रजी फाइली एक बाइटही न बदलता नव्या पद्धतीत वैध राहतात. जुन्याला धक्का न लावण्याची ही काळजी त्याच माणसांनी घेतली, फक्त पूर्ण सिस्टीम घडवताना ती घ्यायची नाही असं त्यांनी ठरवलं होतं. न घेतल्यामुळेच ती सिस्टीम इतकी स्वच्छ झाली, हेही तितकंच खरं आहे, आणि यांपैकी काय निवडायला हवं होतं हे मला आजही ठरवता येत नाही.

आपल्या बाजूने पाहिलं तर यूटीएफ-८ चं मोल वेगळंच आहे. १९९० च्या दशकात पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संशोधन संस्थेच्या जिस्ट तंत्रामुळे आणि भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की मानकामुळे देवनागरी संगणकावर आली होती, पण प्रत्यक्षात प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी वेगळी असायची. एका छापखान्यात जुळवलेला मजकूर दुसरीकडे उघडला की चिन्हांचा चुराडा दिसायचा. वर्तमानपत्राचं संकेतस्थळ वाचायला त्यांचा फॉन्ट आधी उतरवून घ्यावा लागायचा. ती कटकट युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला एकच क्रमांक देणारं मानक, आणि यूटीएफ-८ मिळून संपवू शकले.

पण खुद्द प्लॅन ९ वर मराठी नीट उमटत नाही. तिची मूळ अक्षररचना एका चिन्हाला एक चित्र अशी सरळ आहे. ‘कि’ लिहिताना पहिली वेलांटी साठवली जाते क नंतर आणि दिसायला हवी क च्या आधी. ‘द्य’, ‘र्‍य’, ‘ज्ञ’ यांत तर चिन्हं एकमेकांत मिसळून नवं रूप घेतात. ही जुळणी करणारा थर तिच्यात नव्हता. वेलांटी जिथल्या तिथं, क च्या उजवीकडे उमटायची. तो थर गुंतागुंतीचा असतो, लिपीगणिक वेगळा असतो, आणि ज्यांची भाषा आहे त्यांनी मागितल्याशिवाय कुणी लिहीत नाही. मरे हिलच्या दालनात तो मागणारं कुणी नव्हतं.

मार्च २०२१ मध्ये प्लॅन ९ चे हक्क प्लॅन ९ फाउंडेशनकडे आले आणि सगळ्या आवृत्त्या एमआयटी या मोकळ्या परवान्यावर खुल्या झाल्या. त्याच्या दहा वर्षं आधी सुरू झालेली नाइन-फ्रंट ही तिची शाखा आजही वाढते आहे. तिचे बरेच युजर टेबलावर नेहमीची सिस्टीम ठेवतात आणि ‘ड्रॉटर्म’ नावाच्या छोट्या प्रोग्रामातून घरातल्या किंवा भाड्याच्या प्लॅन ९ सर्व्हरला जोडतात. एका खिडकीत ॲक्मी, शेजारच्या खिडकीत ब्राउझर. मीही हल्ली तसंच करतो, आणि हा मजकूर त्याच ॲक्मीत सुरू करून मराठी तपासण्यासाठी शेजारच्या खिडकीत संपवला.